चिंचोक्यांचा डबा

५ सप्टेंबर. गणपती तोंडावर आलेत म्हणून आज गिरगावच्या घरातला माळा आवरायला घेतला. चिंचोक्यांचा डबा उघडला, तो तुरट, धुळकट वास आला आणि कित्येक वर्षांपूर्वीचा राग पुन्हा डोक्यात गेला.

गणपतीत दुपारी आमच्याकडे पोकरची स्पर्धा व्हायची. सगळ्यांना सारखे चिंचोके, संपले की उठायचं. शेवटी उरेल त्याने दुसऱ्या दिवशी विसर्जनाला मूर्ती उचलायची. त्या वर्षी मी पोकरचं पुस्तक वाचून बसले होते. पुस्तकात होतं, सुरुवातीला नुसतं टिकून राहा, भिडू कमी झाले की धीट खेळा. मी बराच वेळ निमूटपणे पानं टाकून देत राहिले, मग एकेकाला उठवलं. शेवटी मी आणि धाकटे दीर उरलो. माझ्यापुढे चिंचोक्यांचा ढीग, त्यांच्यापुढे मूठभर.

"वहिनी, चहाचं बघा ना जरा. तुमचा डाव दादा खेळेल."

मी उठले. ट्रे घेऊन आले तर नवरा जिंकला होता आणि सगळे त्याची पाठ थोपटत होते. "दादा, उद्या मूर्ती तुझी!"

उठताना वाटलं, दीरांना खरंच चहा हवाय. ट्रे ठेवताना कळलं, बाईने मूर्ती उचलू नये एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते हरायलाही तयार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा झाली. नवरा टोपी शोधत होता. मी पदर खोचला, पाटासकट मूर्ती उचलली आणि जिना उतरायला लागले.