टाकी गेली, मंडळी आली

क्लेमॉन्स वेलेट म्हणजे बिडफर्ड गावातलं एक प्रस्थ. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र वंगण घातल्यासारखी. चर्चचा हॉल विकला गेला आणि तिथे दर शनिवारी क्रिबेजचे पत्ते कुटणारी तिच्यासकट आठ म्हातारी मंडळी उघड्यावर पडली. ‘माझ्या तळघरात या,’ असं बाई चारचौघांत बोलून बसली.

तळघरात ठाण मांडून होती पावणेतीनशे गॅलनची तेलाची टाकी. घर तापवायला आता विजेचं यंत्र लागलं होतं, त्यामुळे टाकी रुसलेल्या जावयासारखी नुसती जागा अडवून बसलेली. येत्या शनिवारपर्यंत ती हलली नाही, तर मंडळी नदीपलीकडे साको गावच्या क्लबात जाणार होती. तिकडे कॉफी फुकट. गेलेलं माणूस परत कशाला येतंय?

पहिला ठेकेदार जिन्यावरूनच टाकी बघून पळाला. दुसऱ्याने तिने पुढे केलेली, खिमा भरून भाजलेली तूर्तिएर नको म्हटली. तिथेच त्याचा निकाल लागला. तिसरा रोझेर गान्यों. त्याने दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागून घेतला आणि मग खाली उतरून टाकीवर टिचक्या मारल्या. काम त्याला मिळालं.

गुरुवारी सकाळी पठ्ठ्या तळघरात न जाता बाहेरच्या भिंतीपाशी उकिडवा बसला. भिंतीतून आत टाकीत जाणारी तेल भरायची नळी काढली आणि भोकात सिमेंट थापायला लागला. बाई ओट्यावर अवतरली.

“टाकी आत आहे रे बाबा! न्हावी बोलावला आणि हा जोडे पुसत बसलाय!”

“वेलेटबाई, आधी तोंड बंद करायचं असतं.”

“कुणाचं?”

“नळीचं. तुमचं माझ्याच्याने व्हायचं नाही.”

मग त्याच्या माणसांनी तळाचा गाळ उपसला, टाकी मधोमध कापली आणि दोन्ही अर्धुकं तळघराच्या मागच्या दाराने वर काढली. बाई केरसुणीने टेबलांसाठी जागा मोजत होती, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

“वेलेटबाई, तुमची नळी कुणी चोरली?”

तेलवाला व्हर्जिल! गवतावरून लांबलचक पाइप ओढत आणलेला, आणि आता हातात त्याचं तोंड धरून भिंतीकडे खुळ्यासारखा बघत उभा.

रोझेर बाईकडे वळला. “तेल बंद करा म्हणून फोन नव्हता केलात?”

“बत्तीस वर्षं हा न बोलावता येतोय! न बोलावता येणाऱ्याला येऊ नको कसं सांगायचं?”

“इथे सगळ्यांचं हेच होतं. म्हणून तर आधी नळी. ती असती, तर याने आत्ता सगळं तेल तळघरात ओतलं असतं.”

बाईने तळघराच्या दाराकडे पाहिलं. शनिवार सोडाच, घरच राहण्याजोगं उरलं नसतं. ती पायरीवर मटकन बसली. व्हर्जिल हळूच म्हणाला, “होडीत बसून पत्ते खेळला असतात.” मग आधी तीच हसायला लागली, इतकी, की समोरच्या घरातले पडदे सरकले.

“शनिवारी या दोघं,” डोळे पुसत ती म्हणाली. “रोझेर, क्रिबेज येतं ना?”

“थोडंफार.”

शनिवारी खिडक्या उघड्या टाकून, तेलाच्या वासातच दहा जणं बसली. साकोचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. ‘थोडंफार’वाल्याने बाईला लागोपाठ तीनदा हरवलं. तो टोपी उचलून निघाला, तर तिने त्याला बाही धरून खाली बसवलं आणि पत्ते पिसायला घेतले.