गणपतीची महिनाभर सुट्टी

आमचा शेठ फार दिलदार आहे, असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत होते. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर आमची चाळ. चाळीतले कोकणातले पुरुष गणपतीला चार दिवस मिळावेत म्हणून साहेबाच्या हातापाया पडायचे, आणि मला मात्र शेठ स्वतः बोलावून सांगायचा, "बाई, गणपती आला ना? जा बिनधास्त. महिनाभर राहून ये." शिमग्याला पुन्हा पंधरा दिवस. माझा नवरा म्हणायचा, असला शेठ नवसानंच मिळतो. परत येताना मी शेठच्या घरी आमसुलं घेऊन जायची. चांगली, पहिल्या प्रतीची.

कारखाना मरोळला, औषधांचा. आम्ही बायका इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तपासायचो. समोर काळी पाटी, बाजूला दिवा. कुपी उलटी करायची, सुलटी करायची आणि आत कचरा तरंगतो का बघायचं. कापसाचा तंतू असेल, काचेचा कण असेल. दिवसभरात डोळ्यांना धारा लागायच्या. पण माझी नजर घारीची. मी पास केलेली कुपी कधी परत आली नाही. नवी बाई आली की शेठ तिला माझ्या शेजारी बसवायचा. आमच्या टेबलावरच्या निम्म्या बायका मीच तयार केलेल्या होत्या, आणि याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू.

तशीच मी एक मुलुंडची बाई तयार केली. मूळची साताऱ्याकडची, घरी बुद्धाची तसबीर, बोलणं कमी आणि जे बोलेल ते सरळ तोंडावर. हाताला चलाख होती. माझ्यानंतर तीन वर्षांनी लागली, आणि एका पावसाळ्यात तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. तिनं पेढे वाटले. मी पेढा घेतला आणि पदरात बांधून ठेवला, खाल्ला नाही. मी शिकवलेली बाई कायम, आणि मी आहे तिथंच. मला वाटलं, हिनं शेठच्या पुढेपुढे केलं असणार. आठ दिवस मी तिच्याशी शब्द बोलले नाही.

नवव्या दिवशी नळावर डबा घासताना ती शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "रागावलीयस ना?"

मी म्हटलं, मी कशाला रागावू, मोठी माणसं झालात तुम्ही.

ती हसली नाही. "तुझं कार्ड बघू," म्हणाली.

हजेरीचं कार्ड माझ्या ब्लाउजमध्येच असायचं. तिनं ते उलगडलं आणि कामावर लागल्याच्या तारखेवर बोट ठेवलं. तारीख शिमग्यानंतरची होती, त्याच वर्षीची. मी ती कधी वाचलीच नव्हती. गावाहून आले की टाइमकीपर नवं कार्ड हातात द्यायचा. मला वाटायचं, जुनं भरलं असेल, वही भरते तसं.

"सहा वर्षं झाली ना तुला? इथं तर पाच महिने पण नाहीत," ती म्हणाली. "अगं, शेठ तुला सुट्टी नाही देत. कामावरून काढतो, आणि गावाहून आलीस की नव्यानं घेतो. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की परमनंट करावं लागतं. तुझे तो भरूच देत नाही."

मग तिनं स्वतःचं सांगितलं. शेठनं तिलाही महिनाभर घरी बस म्हटलं होतं. ती म्हणाली होती, आमच्या घरी गणपती नाही आणि गावाला शेतही नाही, मी जाऊ कुठं? काम नसेल तर तसं लिहून द्या. तिच्या वडिलांची शिकवणच होती, की तोंडी सांगितलेलं कागदावर मागायचं. लिहून दिलं तर आपणच अडकू म्हणून शेठनं दिलं नाही, ती येत राहिली आणि दिवस भरले. नियम तिला भावानं सांगितला होता, तो मुलुंडच्या एका कारखान्यात युनियनमध्ये होता.

मला रडू आलं नाही, संताप आला. आणि तो शेठपेक्षा माझा मलाच जास्त आला. आम्हा कोकणातल्या माणसांना गणपती म्हटलं की दुसरं काही दिसत नाही, हे त्या माणसानं बरोबर हेरलं होतं. आमची श्रद्धा त्याच्या कामाला आली होती, आणि वर मी त्याला आमसुलं नेऊन देत होते. त्या बाईला मी म्हटलं, चुकलंच माझं. ती म्हणाली, चुकलं ते जाऊ दे, यंदा काय करतेस ते सांग.

यंदा जायचं नाही, असं मी ठरवलं. सांगायला सोपं आहे. आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती, गौरी, आणि मी एकुलती एक सून. सासूला पत्र टाकलं. तिनं शाळामास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं, "गणपती काय तुझ्या शेठचो नोकर आसा, तुझी वाट बघूक?" ते वाचून मी रात्रभर तळमळले.

श्रावण संपता संपता शेठनं बोलावलं. मी म्हटलं, यंदा गावी जाणार नाही. तो खुर्चीत सरळ बसला. मालवणी बाई आणि गणपतीला नाही? मग म्हणाला, तसंही काम कमी आहे, महिनाभर आराम कर. मी म्हटलं,

"काम कमी असेल तर तसं लिहून द्या शेठ."

त्यानं फाइल उघडली आणि फायलीकडेच बघत म्हणाला, "जा, टेबलावर बस."

आमच्या टेबलावरच्या आणखी चार कोकणातल्या बायकाही त्या वर्षी थांबल्या. चतुर्थीच्या दिवशी मी कामावर होते. घरी आता आरती चालली असेल, असं मनात आलं आणि डोळे भरले. त्या पाण्यापायी मी एक चांगली कुपी कचरा म्हणून बाजूला टाकली. नोकरीतली माझी तेवढी एकच चूक.

पौषात पत्र आलं. कागदावर टंकलेलं माझं पूर्ण नाव, खाली 'कायम' हा शब्द. कारखान्यात आणि चाळीत पेढे वाटले. पहिला मुलुंडच्या बाईला दिला, आणि तिनं तिथंच खाल्ला, माझ्यासारखा बांधून नाही ठेवला.

पुढच्या गणपतीला मी आयुष्यातला पहिला रजेचा अर्ज लिहिला. भरपगारी बारा दिवस. मंजूर झाला, तेव्हा मी शेठचे आभार मानले नाहीत. एस्टीनं घरी पोचले. मागल्या वर्षीचा राग सासूच्या मनात होताच. चुलीपाशी मोदक वळताना तिनं विचारलं, रवतलंस किती दिवस? मी सांगितलं, बारा.

"आदी म्हयनोभर रवायचंस," ती म्हणाली. "आता कायम झालंस आनि बाराच दिवस? ही कसली बढती गो?"

नियम, दिवस, कार्ड, काय काय सांगणार तिला. मी हातातला मोदक मिटवला आणि म्हटलं, "तेवा मी म्हयनोभर बेकार होतंय गे आये. आता कामार असान घराक इलंय."