म्हणे गोदावरी पोहून जातो

आठवी अर्धवट टाकून जालन्याकडून एकटाच आलो आणि जुन्नरला मोटर दुरुस्तीच्या दुकानात लागलो. साल असेल नव्वदच्या पुढचं. मोटरीत तांब्याची तार गुंडाळायचं वायंडिंग लवकर हाताला बसलं. घोर एकच होता: दुकानातल्या मिस्त्रींच्या मदतनिसाला विहिरीत उतरावं लागायचं. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी जाळीचा फुटव्हॉल्व्ह असतो. त्यात कचरा अडकला की मोटर नुसती गुरगुरते, पाणी ओढत नाही. मग बुडी मारून तो साफ करायचा. आमच्या गावच्या कोरड्या विहिरीत बुडी मारली असती तर डोकंच फुटलं असतं. पोहणं शिकणार कुठून?

दोनदा मी कान फुटल्याचं सांगून वेळ मारून नेली. तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाले, "कान बरा कर, नायतर गावाकडं जा."

हे मी दोन मित्रांपाशी बोललो. एक शेजारच्या पाइप-फिटिंगवाल्या शेठजींचा मुलगा. त्याचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण हा भांडायचा अस्सल जुन्नरीत. दुसरा शेतकऱ्याचा, त्यांच्या मळ्यात भली मोठी विहीर. दोघांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेठजींचा मुलगा माझ्यादेखत मिस्त्रींना म्हणाला, "मिस्त्री, तुमी याला वळखलंच नाय. हा गावाकडं गोदावरी पोहून जातो. पुरात!"

मिस्त्रींनी माझ्याकडे नव्यानं बघितलं. "मग त्या कानाचं काय?"

"तिथंच तर फुटला. आठ दिवसांत बरा व्हतोय." उत्तरही त्यानंच दिलं.

बाहेर आल्यावर मी त्याची कॉलरच धरली. "अरे, गोदावरी मी फक्त एसटीच्या खिडकीतून बघितलीय!"

"हे मिस्त्रीला कुठं म्हाईतीय? आठ दिवस हायेत, राव. उद्या सकाळी मळ्यात ये."

पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकवायची तिकडे रीत. मास्तर झाला शेठजींचाच मुलगा. काठावर बसून हुकूम सोडायचा. दोरीही त्यानंच बांधली, ती कमरेच्या खाली. मी उडी मारली तशी माझी बैठक वर तरंगली आणि डोकं गेलं खाली. "हात मार, हात!" मास्तर वरून ओरडत होते. शेतकऱ्याच्या पोरानं केसाला धरून मला वर ओढलं आणि हसता हसता तोच दोन घोट पाणी प्याला. मग डबा छातीच्या मागे आला. चौथ्या दिवशी पाच लिटरचा जाऊन दोन लिटरचा आला. सातव्या दिवशी दोघं म्हणाले, "डबा घरीच ऱ्हायला की! आता कोण जातंय आणायला? मार उडी." मी दोघांच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि उडी मारली.

आठव्या दिवशी बेल्ह्याजवळच्या एका मळ्यात मोटर पाणी ओढेना. मिस्त्रींनी फ्यूज काढून खिशात टाकला आणि मी उतरलो. पाणी हिरवंगार, कानांत ठणका, या वेळी खरा. पहिल्या बुडीत पाइप हाताला लागला, दुसरीत जाळी. तिसऱ्या बुडीनंतर वर आलो तो ओंजळभर शेवाळ आणि कुणाचं तरी बनियन घेऊन. मोटर चालू केली, पाणी भसाभसा पडायला लागलं.

मिस्त्री बनियनाकडे बघत म्हणाले, "गोदावरीला असलं लई वाहून येत आसंल, न्हाई?" गावाकडं जा, हे मात्र पुन्हा कधी बोलले नाहीत.

परतल्यावर शेठजींचा मुलगा दुकानासमोर नाचलाच. त्याला मिठी मारताना माझ्या डोक्यात आलं, आठ दिवसांत या मास्तरांचे पाय एकदाही ओले झाले नव्हते.

"तू का नाही उतरलास रे कधी?"

"मला... सर्दी व्हते."

शेतकऱ्याच्या पोरानं मला डोळा मारला. मी तडक शेठजींच्या गल्ल्यापाशी गेलो. "शेठजी, तुमचा मुलगा काय पोहतो! मला त्यानंच शिकवलं."

"आमचा?" शेठजी हरखून गेले. "मग येत्या रविवारी बघायलाच येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात मी पाच लिटरचा डबा घेऊन आधीच हजर होतो. मला माहीत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या शेठजींच्या मुलानं मला घातल्या, वर दोनचार नव्या. दोरी मात्र मी नीट, छातीशीच बांधली. तीनदा ओढून बघितली.