डागाभोवतीची रेघ

आमचे हे प्लंबर. पंचवीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले, तरी टिपटिप कानावर आली की अजून यांना चैन पडत नाही. या खोडीपायी जीवच जाणार होता, खरंच सांगते!

यकृतात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा मी रडून रडून अर्धी झाले. हे मात्र डॉक्टरांचं ऐकून खुशीत. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालायची, थेट गाठीपर्यंत न्यायची, तिथेच औषध सोडायचं आणि गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा. "अगं, हे तर आपलंच काम!" हे म्हणाले. "मेन लाइन चालू ठेवून एकाच खोलीचं कनेक्शन बंद!" डॉक्टरही हसले, पण लगेच बजावलं, "नंतर सहा तास पाय सरळ. उठलात तर जांघेतलं भोक उघडेल, आतल्या आत रक्त वाहील. जिवावर बेतेल."

सगळं फत्ते झालं, दुपारी यांना वॉर्डात आणलं. मी खाली औषधं आणायला गेले आणि परत येते तर पलंग रिकामा! हे बाथरूममध्ये, वाकून नळ आवळतायत.

"अहो! डोकं ठिकाणावर आहे का?"

"सहनच होईना गं. वायसर गेलाय."

धरून आणून निजवलं. सिस्टरने जागा दाबून धरली, पट्टी तपासली. बाहेर रक्ताचा थेंब नव्हता. "लक्ष ठेवा, मी डॉक्टरांना सांगते," म्हणून ती गेली. पट्टीच्या कडेला बशीएवढा निळा डाग होता. "उगाच घाबरतेस," इति हे.

यांचीच एक पद्धत आहे. भिंतीला ओल दिसली की लगेच फोडायची नाही. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारायची, शेजारी वेळ लिहायची. ओल रेघेबाहेर आली की समजायचं, आत पाइप फुटलाय. मी पर्समधून पेन काढलं आणि यांच्या मांडीवर डागाभोवती रेघ मारली. तीन दहा.

तीन वीसला डाग रेघेच्या दोन बोटं बाहेर! यांचे ओठ पांढरे, कपाळ घामाने थबथबलेलं. "गरगरतंय गं..." मी अशी ओरडले की अख्खा वॉर्ड उठून बसला. "रेघ ओलांडली! रेघ ओलांडली!" सिस्टरला वाटलं बाई खुळावली, पण मांडी बघताच ती पळत सुटली. डॉक्टर आले, दोन्ही हातांनी जांघ दाबून उभे राहिले, अर्धा तास! वरून रक्त चढवलं. मी नवी रेघ मारून टक लावून बसले. चारला डाग आत. साडेचारला आत! मी रडत होते की हसत होते, देव जाणे.

दीड महिन्याने गाठ निम्मी झाली होती आणि पुन्हा नळी घालायची होती. वॉर्ड तोच, नळही अजून गळतच होता. यांना आत नेलं तशी मी यांचा पाना घेऊन त्याच बाथरूममध्ये घुसले. पाणी बंद केलं, नवा वायसर घातला, नळ बसवला.

वॉर्डात आणल्यावर यांनी कान टवकारले. बराच वेळ ऐकत राहिले.

"गळत नाही," म्हणाले.

"मी बदलला."

यांनी पाय न हलवता माझा हात धरला. "म्हणजे मी नसलो तरी आपल्या घरचा नळ गळायचा नाही."

"तोंड आवरा," मी म्हणाले, पण हात काही सोडला नाही. "सहा तास गप्प पडायचं."

आणि हे पडून राहिले.