सरपंचांचा श्रावण

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. पलटणीतल्या ज्या मित्राला मी सगळं सांगतो, त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय सांगू? कुठेतरी सांगायला हवं. हसू आलं तर हसा. गोष्ट हसण्यासारखीच आहे, निदान बरीचशी.

आमच्याकडे एक सरडा आहे. कुंपणावरचा नव्हे; मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला. राग आला की ती दाढी फुगवून काळीठिक्कर करतो. माझी मुलगी मुक्ता पुण्यात नोकरी करते. तिची मैत्रीण परदेशी गेली तेव्हा हे पिल्लू हिच्या गळ्यात पडलं. दगडावर बसून मान डोलावायची त्याची ऐट बघून मुक्तानं त्याचं नाव सरपंच ठेवलं. काही वर्षांपूर्वी कंपनीनं तिला पावसाळ्यात हैदराबादला ट्रेनिंगसाठी पाठवलं आणि सरपंच काचेच्या पेटीसकट आमच्या पलूसच्या घरी मुक्कामाला आले.

मुक्तानं मला सगळं समजावून सांगितलं. पेटीची एक बाजू तापलेली हवी, दुसरी थंड, म्हणजे त्याला हवं तिकडे तो सरकेल. उबेचा दिवा वेगळा आणि उन्हासारखा प्रकाश देणारी नळी वेगळी. दोन्ही सकाळी लावायचे, संध्याकाळी बंद करायचे. खाली वाळू घालायची नाही, पोटात जाते, वर्तमानपत्र अंथरायचं. अधूनमधून कोमट पाण्यात डुंबवायचं. शेवग्याचा पाला, भोपळ्याचा कीस चालतो. आणि — इथे तिनं बोट वर केलं — तो अजून वाढीच्या वयाचा आहे, त्याला रोज जिवंत अळ्या हव्यात, कॅल्शियमची पावडर लावून. पाला नंतर, अळ्या आधी.

मी फौजेत आयुष्य काढलेला माणूस. दिवे वेळेवर, पाणी वेळेवर, पेटी अशी लखलखीत की इन्स्पेक्शनला कोणीही यावं. मला सरपंच आवडायलाही लागले होते. मी पेपर वाचत बसलो की ते काचेला नाक लावून माझ्याकडे बघायचे. एकदा तर त्यांनी पुढचा पाय उचलून हळूच हलवला. मी पटकन सलाम ठोकला. खोटं कशाला सांगू?

खोटं. हो, तिकडेच यायचं आहे मला, पण पाऊल मागे पडतंय.

अळ्यांचा डबा कोंड्यानं भरलेला होता. झाकण काढलं की कोंडा आपोआप हलायचा. त्यातून पिवळं काहीतरी वर यायचं, वळायचं, परत आत जायचं. बर्फात राहिलेला, बंकरमध्ये उंदरांशेजारी झोपलेला मी — मला त्या डब्यात चिमटासुद्धा घालवेना. लहानपणी काही झालं होतं म्हणून? नाही. काही झालेलं नव्हतं. मी भ्यायलो, एवढंच.

पहिले काही दिवस म्हटलं, उद्या देऊ. मग मी डबा गच्चीवर नेऊन, तोंड फिरवून, खाली शेजारच्या बाबूभाईंच्या अंगणातल्या कोंबड्यांपुढे उलटा करू लागलो. मुक्ता कुरिअरनं नवा डबा पाठवायची, तोही कोंबड्यांना. बाबूभाई कौतुकानं म्हणाले, "आप्पा, आमच्या कोंबड्या अंडी लय झकास द्यायला लागल्यात गड्या, तुमच्या गच्चीकडं तोंड करूनच बसत्यात." आणि फोनवर मुक्ताला मी रोज काय सांगायचो? "खातोय की. मजेत आहे."

सरपंच पाल्यावर दिवस काढत होते. पावडर अळ्यांनाच लावायची, म्हणजे तीही बंद. हळूहळू त्यांचं मान डोलावणं थांबलं. मग मागचे पाय थरथरू लागले. मला दिसत होतं. मी दिव्याची काच पुसत होतो.

श्रावण संपता संपता मुक्ता आली. तिनं त्याला हातात घेतलं मात्र, तिचा चेहरा उतरला. बुटाच्या खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवून आम्ही त्याला सांगलीला, असे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जबडा चाचपला आणि विचारलं, "अळ्या देत होता ना?"

तेव्हा खरं बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. पण मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "श्रावण होता ना... हिच्या आईला घरात चालत नाही. फोनवर बोललो नाही, उगाच मायलेकींत भांडण नको."

सुचलं कुठून? तर पेटी आली त्या दिवशी सुलभा, माझी बायको, म्हणाली होती, "तो डबा तेवढा देव्हाऱ्यापाशी नगो, श्रावण तोंडावर आलाय." एवढंच. एरवी आमच्या घरात रविवारी मटण शिजतं. श्रावणात आम्ही पाळतो, पण सरड्यानं पाळावा असं कोणी म्हणालं नव्हतं.

मुक्ता घरात शिरली ती सुलभावर कडाडतच. "आई, तुझ्या श्रावणापायी मरत होता तो!" सुलभानं माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "चुकलंच बाई माझं."

नंतर स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आवं, मी आपली डब्याच्या जागेचं बोलले. तुमी त्येचं खाणंच बंद केलंसा. एवढा मान कशाला ठेवायचा माझा?"

मान! आणि तिच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं. ते मी घेतलं. चहाबरोबर.

सरपंच वाचले. मागचा एक पाय जरा वाकडा राहिला, पण आता चांगले धष्टपुष्ट आहेत, गुरगुरल्यासारखी दाढी फुगवतात. परत पुण्याला गेलेच नाहीत, कारण सुलभानं जाऊ दिलं नाही. अळ्या ती देते — चिमटा नाही, काही नाही, थेट बोटांनी. "घे रं राजा, आधी तू खा," म्हणते. श्रावणातल्या सोमवारी तर त्याचं पोट भरल्याशिवाय ती फराळाला बसत नाही. आपल्या हातून झालेलं पाप फेडतेय, असं तिला वाटतं.

आणि आमच्याकडे आता हा मोठा विनोद झालाय. लग्नात, बारशात मुक्ता रंगवून सांगते — आमच्या आईनं सरड्याला श्रावण पाळायला लावला! सगळे पोट धरून हसतात. सुलभाही पदर तोंडाला लावून हसते. सगळ्यांत मोठ्यानं मी हसतो. मागच्या महिन्यात कराडला मेहुण्याकडे असाच हशा झाला, आणि पाणी प्यायला मी आत गेलो तर ती ओट्यापाशी एकटी उभी होती. भांडी घासलेली होती, तीच परत घासत होती. मला बघून म्हणाली, "मुकं जनावर हो, बोलता येत न्हाई त्येला." मी पाणी प्यालो आणि बाहेर येऊन बसलो.

रविवारी मुक्ता येणार आहे. दोघींना समोर बसवून सांगणार आहे, तेच आधी इथे लिहितो.

मुक्ता, तुझी आई कधीच नको म्हणाली नव्हती. अळ्या मी कोंबड्यांना टाकत होतो. मला त्यांची भीती वाटत होती, आणि नंतर तुझी.