भिंतीआधीचा हात

अक्का कुणाला ‘गप बस’ म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्या स्वतः तरी कुठे गप बसत? लसूण सोलताना डुलायच्या, टीव्ही बघताना मांडी हलवायच्या, आणि आरतीला तर अशा रंगायच्या की शेजारची बाई सरकून उभी राही. माझ्या नवऱ्याची ही विधवा आत्या एरंडोलजवळच्या गावाहून आमच्या जळगावच्या फ्लॅटवर चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिलीच. राहिली ती माझ्या रेवामुळे.

रेवा तेव्हा पहिलीच्या वयाची. ती बोलत नाही. दिवसभर पुढेमागे डोलते, हात फडफडवते. डोलण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मिक्सरचा आवाज, पाहुण्यांची गर्दी, उकाडा, काहीतरी तिच्या अंगात चढत जातं, डोलणं वाढतं आणि ती भिंत गाठते. मग डोकं भिंतीवर. आमचं सगळं भांडण त्या भिंतीशी होतं. थेरपीच्या मॅडमनी नीट समजावलं होतं, डोलणं थांबवू नका, त्याला दुसरी वाट द्या, अंगाला जड काम द्या. मी ते ऐकून घरी आले आणि रडत बसले. अक्कांनी रेवासमोर परात ठेवली.

“ये बेटा, पीठ मळ.”

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचं पीठ, चांगलं घट्ट. रेवाने ते दोन्ही हातांनी रगडायचं, मग अक्कांबरोबर पाण्याची बादली गॅलरीत न्यायची, मग सरकी भरलेली जड पिशवी मांडीवर घेऊन बसायचं. पिशवी अक्कांनी जुन्या लुगड्याची शिवली होती. ती मांडीवर असली की डोलणं बरंचसं डोलण्यावरच थांबे. “डोलू दे तिले,” त्या मला बजावत. “फक्त भितवर नको जाऊ दे.”

तरी ती जायचीच. पण तिच्याआधी अक्कांचा हात भिंतीशी पोचलेला असे. डोकं तळहातावर आदळे आणि हाताची पाठ भिंतीवर. ती पाठ कायम काळीनिळी. मी धावत येईपर्यंत सगळं उरकलेलं असे. तुम्हाला आधी कसं कळतं, असं विचारलं तर म्हणत, “कान देख ना तिना. आधी कान लाल व्हतस.” मी बघायची. मला ते नेहमी लालच दिसत, नाहीतर नेहमी साधे.

चाळीसगावला एका लग्नात कुणा मामींनी रेवाचे फडफडणारे हात घट्ट धरून ठेवले आणि मला ऐकवलं, “पोरीला काही वळण लावा.” मी ओशाळले. अक्का उठल्या, मामींची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाल्या, “वळण बैलले लावतस, बाई. लेकरूले नही.” मग दोघी मांडवाबाहेर जाऊन खुशाल डोलत बसल्या. जेवायलाही आत आल्या नाहीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या आम्हा दोघींना गावी घेऊन गेल्या. आमच्याकडे आखाजीला माहेरी आलेल्या लेकी कडुलिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. सगळ्याच डोलत होत्या, त्यामुळे रेवाकडे कुणी बघितलंच नाही. “देख,” अक्का मला म्हणाल्या, “आज बठ्ठ्या पोरी तिनासारख्याच शेतस.” तेवढा एक दिवस मी लोकांच्या नजरा मोजल्या नाहीत. सण झाल्यावर झोके सुटले. अक्कांनी आपला दोर जळगावला आणला आणि गॅलरीत झोका बांधून घेतला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी टोमणा मारला, “अक्का, तुमना घर बारा महिना आखाजी शे का?”

“शे ना! तू बी ये झोका खेळाले.”

झोक्यावर रेवा शांत असे. उतरली की भिंत होतीच. वय वाढत गेलं तशी तिची ताकदही वाढली, आणि अक्कांचा हात मात्र म्हातारा होत गेला.

एका हिवाळ्यात अक्कांची उजवी बाजू गेली. पलंग हॉलमध्ये टाकला, म्हणजे रेवा त्यांच्या नजरेसमोर राहील. तेच चुकलं. रेवा समोरच्या भिंतीकडे निघाली की अक्कांना सगळ्यांआधी कळे आणि हात उचलत नसे. वाकड्या तोंडाने त्या मला ओरडून सांगत, “कान... कान...” मी स्वयंपाकघरातून पळत यायची. एकदाही वेळेवर पोचले नाही. अक्का डोळे मिटून घेत. उन्हाळा लागण्याआधी त्या गेल्या. हार्ट म्हणाले डॉक्टर. मला विचाराल तर त्या बघून बघून गेल्या.

परात काढून पाहिली, पिशवी दिली, झोका अजून आहे. मॅडम मन लावून शिकवतात, मीही मन लावून शिकते. पण काही येत नाही मला. गेल्या वर्षी टाके पडले, तेव्हा डॉक्टरांनी रेवाला मऊ हेल्मेट घालायला सांगितलं. आता रक्त येत नाही. सगळे म्हणतात, सुटलात एकदाच्या.

भिंतीपाशी गेली की रेवा अजून क्षणभर थांबते. डोकं मागे घेतलेलं, नजर बाजूला. वाट बघते. मग आपटते.