सात मिनिटं

मामांना उंचीची भीती वाटते की नाही, हे खुद्द मामांनाही ठाऊक नव्हतं. आता हसू नका. तेहेतीस वर्षं हा माणूस दिवसातून साठ-सत्तर वेळा नवव्या मजल्यावर चढला आणि तितक्याच वेळा उतरला, पण उंची म्हणून काही त्याने पाहिलीच नव्हती. हॉस्पिटलच्या लिफ्टला खिडकी कुठून असणार? चार पत्र्याच्या भिंती, एक कुरकुरणारा पंखा, एक स्टूल आणि दाराशेजारी बटणांची रांग. गच्चीची किल्ली सिक्युरिटीवाल्याकडे, आणि तो असा खडूस की गच्ची सोडा, स्वतःची खुर्चीसुद्धा कुणाला घटकाभर देणार नाही.

सगळं हॉस्पिटल त्यांना लिफ्टमामा म्हणायचं. लिफ्टमध्ये शिरणाऱ्याला कितव्या मजल्यावर जायचंय, हे ते तोंडाकडे बघून ओळखायचे. धापा टाकत आला आणि उगाचच हसतोय, म्हणजे चौथा, बाळंतपणाचा. डबा पोटाशी धरून गप्प उभा आहे, म्हणजे सातवा, ऑपरेशनचा. तरी मामा दर वेळी विचारायचेच, "कितवा?" सातव्यावर जाणाऱ्याला आपलं तोंड कुणीतरी वाचलंय असं वाटू नये, एवढी समज त्यांना होती. ती कुणी शिकवली नव्हती.

गेल्या वर्षी हॉस्पिटलने नवी लिफ्ट बसवली. ती स्वतःच बोलते म्हणे. मामा निवृत्त झाले आणि आठवण म्हणून स्टूल तेवढं मागून घरी घेऊन आले. बायकोने ते माळ्यावरचे डबे काढायला घेतलं.

आता मुलाबद्दल. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही लगेच त्याच्यावर घसराल. मोठ्या ऑफिसात आहे, हाताखाली चौदा माणसं. एका संध्याकाळी तो तणतणत घरी आला. नवी लागलेली एक मुलगी मीटिंगमध्ये रडायला लागली आणि उठून निघून गेली, म्हणून. मामा जेवता जेवता सहज म्हणाले, "घाबरली असेल रे. जरा बोलू द्यायचं होतंस तिला." झालं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्मभर बटणं दाबलीत. माणसं सांभाळणं ही वेगळी गोष्ट असते."

मामा पाणी प्यायले, "बरं" म्हणाले आणि हात धुवायला उठले. पण शब्द जिव्हारी लागला होता. खोटा असता तर मामांनी तो झटकूनही टाकला असता, पण पडल्या पडल्या विचार करावा तर बटणांखेरीज दुसरं काही केल्याचं त्यांना आठवेना. पोटच्या पोराच्या नजरेत आपल्या तेहेतीस वर्षांची किंमत एवढीच, हे आठ महिने त्यांच्या मनात सलत होतं. कुणाला बोलले नाहीत. सांगणार कुणाला, आणि काय?

म्हणून मुलाने सगळ्यांना चार दिवस समुद्रावर न्यायचं ठरवलं, तेव्हा मामा फार काही बोलले नाहीत. फक्त नवा चष्मा करून आले. लांबचा नंबर उणे सहा, त्यामुळे चष्म्याशिवाय हाताच्या अंतरापलीकडे नुसता धुरळा. बायको म्हणाली, "अहो, जुना बरा होता की." मामा म्हणाले, "समुद्र बघायचाय. जुन्याला ओरखडे पडलेत."

हॉटेलवर पोचताच घोटाळा झाला. लिफ्टमध्ये सगळ्यात आधी मामा शिरले आणि सवयीने बटणांना खांदा लावून उभे राहिले. मागून बॅगा घेऊन दोन पाहुणे आले. त्यांना मामांनी अगदी अदबीने विचारलं, "कितवा?" पाहुण्यांना वाटलं हॉटेलचाच माणूस. त्यांनी मजला सांगितला आणि एक बॅगही मामांच्या हातात दिली. मामांनी ती घेतलीसुद्धा! मुलाचा चेहरा लालबुंद. पाहुणे उतरल्यावर तो दातओठ खात म्हणाला, "बाबा, आता तरी पुरे. लोक आपापलं बटण दाबतात." पुढचे दोन दिवस मामा लिफ्टमध्ये शिरले की मागच्या आरशाला चिकटून उभे राहायचे.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ते पॅरासेलिंग दिसलं. समुद्रात बोट पळते, तिच्या मागे लांबलचक दोर, दोराच्या टोकाला रंगीत पॅराशूट आणि त्याखाली दोन माणसं लोंबकळतायत. नातीने हट्ट धरला, पण ती उंचीच्या पट्टीला चार बोटं कमी पडली. सूनबाईने बघूनच डोळे मिटले. मामांच्या बायकोने तर "माझे पाय वाळूतच बरे" म्हणून बसकणच मारली. आणि तेवढ्यात मामा म्हणाले, "मी जातो."

सगळे हसले. मामा हसले नाहीत. "एवढ्या वेळा वर गेलो," ते म्हणाले, "एकदा दिसू दे तरी."

"चक्कर आली म्हणजे?" मुलगा म्हणाला. "थांबा, मीच येतो तुमच्याबरोबर. कुणीतरी सांभाळायला हवं." म्हणजे सांभाळायला कोण निघालं, लक्षात ठेवा.

बोटवाल्याने दोघांना जाकिटं घातली, मांड्यांना आणि कमरेला पट्टे आवळले आणि चष्म्याकडे बोट दाखवलं. "काका, हा ठेवा इथे. पडेल."

"अहो, चष्मा ठेवला तर मी वर जाऊन करू काय? माशा मारू?"

बोटवाला हसला आणि त्याने चष्म्याला एक नाडी बांधून दिली. बोटीच्या मागच्या भागात दोर गुंडाळायचं मोठं रीळ होतं, मोटरवर फिरणारं. ते सुटायला लागलं आणि दोघं अलगद उचलले गेले. पाण्याचा एक सपकारा आला आणि मामांचा चष्मा थेंबांनी भरून गेला. पांढरं-निळं काहीतरी नुसतं हलत होतं. असू दे, मामांनी विचार केला, एकदा वर पोचू, मग निवांत पुसून बघू.

बोटीचा आवाज विरला. शेजारी मुलगा बडबडत होता, "खाली बघू नका बाबा, घट्ट धरा बाबा." मामांनी नाडी गळ्यातून काढली आणि शर्टाचं आतलं टोक ओढून काचा पुसल्या, एक एक करून, नीट. चष्मा डोळ्यांकडे न्यायला हात उचलला, आणि दोराला एक बारीकसा झटका बसला.

तो झटका मामांनी तळपायांनी ओळखला. जमीन नव्हती, तरी ओळखला. काहीतरी अडकलं होतं.

"थांबलो का आपण? बाबा, ते सगळे रिळावर वाकलेत. बाबा, रीळ फिरत नाहीये. तो हात हलवतोय. कशाला हलवतोय? आपण अडकलो!"

मुलाची पार बोबडी वळली होती. बोट पळत होती म्हणून पॅराशूट वर तरंगत होतं खरं, पण खाली घेणारं रीळच अडकलं, तर ते तरंगणं काय कामाचं? त्याचा श्वास वरच्या वर चालला होता. आणि मामांनी पाहिलं की त्याचा हात कमरेच्या पट्ट्याच्या खटक्यावर गेलाय आणि बोटं तो चाचपतायत. त्याला स्वतःला ते कळतसुद्धा नव्हतं.

लिफ्ट अडकली की माणूस पहिल्यांदा दाराला हात घालतो. शहाण्यातला शहाणा घालतो. ओरडलं तर आणखी जोर करतो. हात रिकामा ठेवायचा नाही, एवढा एकच उपाय.

"हा माझा चष्मा धर," मामा म्हणाले.

"काय?"

"चष्मा. दोन्ही हातांनी धर. नवा आहे, पडला तर तुझी आई मला घरात घेणार नाही."

असं काहीतरी साधं सांगितलं की माणूस ऐकतो, का ते मामांनाही सांगता आलं नसतं. मुलाने खटक्यावरचा हात काढला आणि चष्मा दोन्ही मुठींत धरला. मामा म्हणाले, "सात मिनिटं लागतील."

"तुम्हाला काय माहीत?"

"सातच लागतात. सकाळी काय खाल्लंस?"

"बाबा, ही वेळ आहे का?"

"मी उशिरा उठलो, मला कुठे ठाऊक? सांग ना."

"अंडी. दोन अंडी. आणि पाव."

"चहा?"

"कॉफी."

"पोरीने दूध प्यायलं की टाकलं?"

असं चाललं होतं. वारा पॅराशूटला एकीकडे ओढायचा, दोघं कलंडायचे, मुलगा डोळे घट्ट मिटायचा आणि मामा विचारायचे, मग पोरीच्या शाळेत यंदा बाई कोण आहेत? हळूहळू त्याचा श्वास खाली उतरला. मध्येच तो लहान पोरासारखा म्हणाला, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण दोघांनी एकाच वेळी घाबरायचं नसतं. आता तू घाबर, माझी पाळी नंतर."

चष्मा परत मागावा, असं मामांच्या मनात आलं नाही असं नाही. समोर सगळा समुद्र पसरला होता, जन्मभर न पाहिलेली उंची पायाखाली होती, आणि त्यांना निळ्या धुरळ्याशिवाय काही दिसत नव्हतं. पण एकदा हातात दिलेलं काम काढून घ्यायचं नसतं. घेतलं की हात पुन्हा दाराकडे जातो. मामा शाळेच्या बाईंबद्दलच विचारत राहिले.

शेवटी रीळ सुटलं. बोटीवर टेकल्यावर बोटवाला कान धरून माफी मागत म्हणाला, "वीस मिनिटं गेली हो काका, दोर रिळाच्या दातऱ्यांत अडकून बसला होता."

"वीस?" मुलगा मामांकडे बघायला लागला. "तुम्ही सात म्हणाला होतात."

"नेहमी सातच म्हणायचं. पाच म्हटलं की लोक घड्याळ लावून बसतात. दहा म्हटलं की रडतात. सात कुणी मोजत नाही."

किनाऱ्यावर नात धावत आली, सूनबाईने नवऱ्याला मिठी मारली. या गडबडीत मामा कुठे गेले ते कुणाला कळलं नाही. मुलाने विचारलं, "आई, बाबा कुठायत?"

आईने कपडे बदलायच्या खोलीकडे मान वळवली. खोलीच्या मागे, उपड्या घातलेल्या होडीवर मामा बसले होते. हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि खांदे थरथरत होते. मुलगा निघाला, तर आईने त्याला थांबवलं.

"बसू दे जरा. लिफ्ट अडकली की असंच करायचे. आधी सगळ्यांना धड बाहेर काढायचे, पाणी द्यायचे, आणि मग पंपाच्या खोलीत जाऊन बसायचे, हात थांबेपर्यंत. त्या दिवशी रात्री जेवायचे नाहीत."

"असं किती वेळा झालं?"

"मी मोजलं नाही. महिन्यातून एकदा तरी. एकदा तर आत एक बाळंतीण होती, दीड तास."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

मुलगा होडीजवळ गेला आणि मामांच्या शेजारी बसला. एवढ्यात नात तिथे येऊन टपकली.

"आजोबा, वरून काय काय दिसलं? सांगा ना!"

"निळं," मामा म्हणाले.

"एवढंच?"

"पुष्कळ होतं पण."

नातीने नाक मुरडलं. मुलाने मात्र आपल्या मुठींकडे पाहिलं. त्या अजून आवळलेल्याच होत्या. त्याने त्या उघडल्या. चष्म्याची एक काडी वाकली होती आणि तळहातावर तिचा लाल वळ उठला होता.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

"दिसलं की. जवळचं दिसतं मला." मामांनी चष्मा घेतला, काडी सरळ केली, डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे पाहिलं. "तू दिसत होतास."

मुलगा रडला. चौदा माणसांचा साहेब, पोरीसमोर, वाळूत बसून ढसाढसा रडला. मामांनी त्याला थांबवलं नाही. त्यांनी पोरीच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन त्याला धरायला दिली.

संध्याकाळी सगळे हॉटेलवर परतले. लिफ्ट आली, आणि मामा सवयीने मागच्या आरशाकडे निघाले. मुलाने त्यांचा दंड धरला, पुढे घेतलं आणि बटणांशेजारी उभं केलं. तेवढ्यात बॅगा ओढत एक जोडपं आत शिरलं. नवऱ्याने बटण दाबायला हात लांबवला.

"यांना सांगा, कितवा ते," मुलगा म्हणाला. "माझे वडील आहेत."

माणूस जरासा गोंधळला. मामांनी चष्मा सारखा केला, घसा खाकरला.

"कितवा?" त्यांनी विचारलं.